हत्यार आणि हात

मराठी भाषेत ‘हत्यार’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. सुताराचा रंधा हे हत्यार, गवंड्याची थापी हे हत्यार, शेतकऱ्याचा विळा हेही हत्यार. आणि शिपायाची तलवार हेही हत्यारच. घडविणाऱ्या वस्तूला आणि घाव घालणाऱ्या वस्तूला आपल्या पूर्वजांनी एकच नाव दिले. खंडेनवमीच्या दिवशी ही सारी हत्यारे घासूनपुसून पाटावर मांडली जातात आणि त्यांना हळद-कुंकू व झेंडूची फुले वाहिली जातात. हाताची कला हत्यारावाचून पांगळी असते आणि हत्यार हातावाचून निर्जीव असते, हाच त्या पूजेमागील भाव होय.

या दोन्ही प्रकारांच्या मध्ये उभे असलेले एक हत्यार आहे. त्याचा घाट शस्त्राचा आहे. परंतु त्याचे सारे काम कागदाच्या एका तुकड्याला भोक पाडण्यापुरते आहे. ते हत्यार म्हणजे नेमबाजीच्या खेळातील लहान पिस्तूल. ते कोणाला भय दाखविण्यासाठी नसते, की शिकारीसाठीही नसते. एखाद्या गवयाला आपला तंबोरा जसा पारखून घ्यावा लागतो, तसे नेमबाजाला हे पिस्तूल पारखून घ्यावे लागते. आणि ही पारख करता करता त्याला पिस्तुलाइतकीच स्वतःचीही ओळख पटत जाते.

या खेळाचे मैदान साधे असते. नेमबाज एका रेषेवर उभा राहतो. त्याच्यापुढे पंचवीस मीटर अंतरावर गोल वर्तुळांचे लक्ष्य असते. सावकाश नेमबाजीच्या लक्ष्यात दहा गुणांचे मधले वर्तुळ अवघे पाच सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे एखाद्या लिंबाएवढे असते. पिस्तूल एकाच हाताने धरावयाचे, तो हात कोठेही टेकावयाचा नाही आणि त्या लिंबाएवढ्या जागेत गोळी पोहोचवावयाची. स्त्रियांच्या पंचवीस मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस गोळ्या सावकाश झाडावयाच्या. उरलेल्या तीस गोळ्यांच्या वेळी नेम धरण्याची मुभा एका वेळी केवळ तीन सेकंद मिळते. तेवढ्या अवधीत खाली झुकलेला हात वर यावा, स्थिर व्हावा आणि एकच गोळी सुटावी, अशी कसोटी असते. मग सात सेकंदांनी पुन्हा तीन सेकंद. पुरुषांच्या जलद नेमबाजीत तर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या प्रथम आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडाव्या लागतात.

या खेळात वापरली जाणारी गोळी ५.६ मिलिमीटर व्यासाची असते. तिचे वजन अडीच ग्रॅमांहून थोडेसेच अधिक भरते. इंचाच्या हिशेबाने हा व्यास २२ शतांश होतो, म्हणून नेमबाज तिला ‘पॉइंट टू-टू’ या नावाने ओळखतात. हिचा पूर्वेतिहास मोठा मनोरंजक आहे. १८४५ च्या सुमारास फ्रान्समधील फ्लोबेर नावाच्या कारागिराने बंदुकीच्या दारूला बत्ती देणारी छोटी टोपी घेतली आणि तिच्याच तोंडाशी एक बारीक गोळी बसविली. त्यातून घरातल्या घरात, दिवाणखान्यात नेमबाजी करता येईल असे काडतूस निर्माण झाले. १८५७ मध्ये अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कारखान्याने त्यात सुधारणा करून आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस काढले. आणि १८८७ मध्ये ‘लाँग रायफल’ नावाचे काडतूस बाजारात आले. आजच्या पंचवीस मीटरच्या पिस्तूलस्पर्धांत हेच काडतूस वापरतात.

हे काडतूस नवशिक्याला हितकारक का ठरते, हे सहज समजण्याजोगे आहे. मोठ्या काडतुसाचा आवाज कानठळ्या बसविणारा असतो आणि त्याचा धक्का मनगटाला जाणवतो. त्यामुळे पुढच्या खेपेस चाप ओढण्यापूर्वीच हात आपोआप बिचकतो आणि नेम ढळतो. लहान काडतुसाचा धक्का सौम्य असतो. शरीराला भीती वाटत नाही, म्हणून मन नेमावर राहू शकते. शिवाय ते स्वस्त असते. आणि ज्या विद्येत हजारो आवर्तनांवाचून हात बसत नाही, त्या विद्येत स्वस्ताई ही गौण गोष्ट नव्हे. तथापि सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ही इवलीशी गोळी मैल-दीड मैल जाऊ शकते आणि वाटेत आलेल्या माणसाचा प्राण घेऊ शकते. म्हणूनच नेमबाजीच्या मैदानावर लक्ष्यामागे भक्कम बांध किंवा भिंत असल्यावाचून एकही गोळी झाडली जात नाही.

आता या काडतुसाची अंतर्रचना पाहावी. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक छोटी टोपी असते व तिच्यावर आघात झाला की दारू पेट घेते. आपल्या लहान काडतुसात तशी टोपी नसते. पितळेच्या पातळ नळकांडीच्या बुडाला बाहेर आलेली एक पोकळ कड असते. त्या कडेच्या पोटात, आघात होताच भडकणारे मिश्रण भरलेले असते. पिस्तुलातील आघातकाडी येऊन ती कड चिमटते, ठिणगी पडते आणि आतील दारू पेटते. कडेवरील आघाताने पेटणारे म्हणून या काडतुसाला ‘रिमफायर’ म्हणतात.

या रचनेत सोय आहे, तसेच वैगुण्यही आहे. कारखान्यात ते मिश्रण ओले असताना नळकांडी गरगर फिरवून सगळ्या कडेत पसरवितात. ते सर्वत्र सारखे पसरले तर उत्तमच. परंतु कोठे एखादी जागा रिकामी राहिली आणि नेमका आघात तेथेच झाला, तर काडतूस मुके राहते. चाप ओढला जातो, ‘खट्’ असा आवाज होतो आणि पुढे काहीच घडत नाही. अशा वेळी अडाणी माणूस चटकन पिस्तूल वळवून त्यात डोकावतो. शिकलेला नेमबाज तसे कदापि करीत नाही. एखादे काडतूस आघातानंतर क्षणभर रेंगाळून पेट घेण्याचा संभव असतो. म्हणून तो नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबतो आणि मगच ते काडतूस बाहेर काढतो. स्पर्धा चालू असेल तर तो मोकळा हात वर करून पंचांना खूण करतो. पिस्तुलाचे तोंड मात्र लक्ष्यावरून हलू देत नाही. पंच येऊन दोष कोणाचा ते ठरवितात. काडतूस मुके निघाले असेल, तर नेमबाजाला त्याची भरपाई मिळते. परंतु तो स्वतःच काडतूस भरावयास विसरला असेल, तर न झाडलेल्या गोळीचे गुण शून्य धरले जातात. यंत्राची चूक क्षम्य आणि मनाची चूक अक्षम्य, असा हा न्याय आहे.

पिस्तूल भरवशाचे असावे असे सगळेच म्हणतात. पण भरवसा म्हणजे काय? रिव्हॉल्व्हरचे उत्तर सोपे आहे. त्यात फिरणाऱ्या गोल पेटीत काडतुसे बसविलेली असतात. एक वाजले नाही तरी दुसऱ्यांदा चाप ओढताच पेटी फिरते आणि पुढचे काडतूस आघाताखाली येते. काडतूस जोमदार असो वा मंद, रिव्हॉल्व्हर तक्रार करीत नाही. जलद नेमबाजीसाठी मात्र आपोआप भरणारे पिस्तूल सोयीचे पडते. त्यात गोळी सुटताच मागे येणाऱ्या दाबाने एक लोखंडी ठोकळा मागे सरकतो. तो रिकामी नळकांडी बाहेर फेकतो. नंतर स्प्रिंगच्या जोराने पुढे येतो आणि येता येता मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीत ढकलतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते.

या साखळीतील कोणताही दुवा कच्चा असला की पिस्तूल अडते. काडतूस मंद निघाले तर ठोकळा पुरता मागे जात नाही आणि रिकामी नळकांडी तोंडाशीच अडकते. मॅगझिनची ओठासारखी वळलेली कड किंचित वाकली असली, तर काडतुसाचे नाक वर येण्याऐवजी भिंतीवर आदळते. काडतुसांच्या बाहेर आलेल्या कडा मॅगझिनमध्ये एकमेकींच्या मागे अडकल्या, तरीही तीच गत होते. शिवाय या गोळ्या मऊ शिशाच्या असून त्यांच्यावर मेणाचा किंवा चरबीचा हात फिरविलेला असतो. त्या मेणाची आणि जळलेल्या दारूची काजळी आत साचत जाते. म्हणून जो नेमबाज आपले पिस्तूल वेळेवर साफ करीत नाही, त्याला ‘पिस्तूल दगा देते’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

काडतुसांच्या बाबतीतही प्रत्येक पिस्तुलाची आवड निराळी असते. एकाच कारखान्याची, एकाच नावाची काडतुसे दोन पिस्तुलांत दोन तऱ्हांनी वागतात. म्हणून जाणकार नेमबाज निरनिराळी काडतुसे थोडी थोडी आणतो आणि प्रत्येकाच्या शेकडो गोळ्या झाडून पाहतो. कोणत्या काडतुसाने पिस्तूल अडखळत नाही आणि कोणत्या काडतुसाची भोके कागदावर एकमेकांजवळ पडतात, याची तो वहीत नोंद ठेवतो. दुकानदाराच्या शब्दापेक्षा, मित्राच्या शिफारशीपेक्षा आणि किमतीच्या आकड्यापेक्षा ही वही अधिक खरे बोलते.

किमतीवरून एक गोष्ट आठवण्याजोगी आहे. १९४९ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात साउथपोर्ट या गावी विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघा तरुणांनी छोटासा कारखाना काढून एक रिमफायर पिस्तूल विक्रीस ठेवले. महायुद्धाहून परतलेल्या एका सैनिकाजवळ जपानी नांबू पिस्तूल होते. त्यातील नळकांड्यासारखा गोल ठोकळा रुगरने अभ्यासला होता. त्याने आपल्या पिस्तुलाच्या मुठीचा सांगाडा पोलादी पत्र्याचे दोन अर्धे भाग ठोकून आणि जोडून बनविला. त्यामुळे खर्च वाचला आणि किंमत साडेसदतीस डॉलरांवर राहिली. पण केवळ स्वस्ताईमुळे ते गाजले असे नव्हे. त्याची नळी कवचात पक्की बसविलेली होती आणि ठोकळा कवचाच्या आत सरकत होता. त्यामुळे पुढची माशी आणि मागची खाच ही नेम धरण्याची दोन्ही साधने कधीच जागची हलत नसत. स्वस्त वस्तू आणि हलकी वस्तू या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या पिस्तुलाने दाखवून दिले. १९५१ मध्ये स्टर्म अकाली वारला. त्याने रेखलेल्या गरुडाचे लाल चिन्ह पिस्तुलाच्या मुठीवर असे. त्याच्या मृत्यूनंतर सहकाऱ्याने ते काळे केले.

त्याच पिस्तुलाच्या वंशाची पुढची कहाणीही बोधप्रद आहे. ते साफ करण्यासाठी उघडले तर पुन्हा जोडणे मोठे जिकिरीचे होई. २०१६ मध्ये त्या कारखान्याने एक बटण दाबताच उघडणारी नवी आवृत्ती काढली आणि नेमबाज आनंदले. परंतु दुसऱ्याच वर्षी असे आढळून आले की, सुरक्षेची कळ अर्धवट सरकलेली असताना चाप ओढला गेला, तर नंतर कळ हलविताच गोळी सुटण्याचा धोका होता. कारखान्याने ही गोष्ट लपविली नाही. जून २०१७ मध्ये ती पिस्तुले दुरुस्तीसाठी परत मागविली. यंत्र कितीही नामांकित असले तरी सुरक्षेचा भार यंत्राच्या कळीवर टाकता येत नाही, हा या घटनेचा धडा होय. सुरक्षेची खरी कळ माणसाच्या मनातच असते. पिस्तूल रिकामे आहे असे ठाऊक असले तरी ते भरलेलेच समजावे. त्याचे तोंड जेथे गोळी जाऊ द्यावयाची नाही, तेथे कधीही वळवू नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. आणि लक्ष्य कोणते व त्याच्या मागे काय आहे, हे जाणल्यावाचून गोळी झाडू नये. हे चार नियम ज्याच्या अंगवळणी पडले नाहीत, त्याच्या हाती उत्तम पिस्तूलही धोक्याचेच ठरते.

भरवशाच्या खालोखाल मेळाचा प्रश्न येतो. पिस्तुलाचा आणि हाताचा मेळ बसावा लागतो. नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. ती तळहाताच्या उंचवट्या-खळग्यांप्रमाणे कोरलेली असते आणि तळहाताला खालून आधार देणारी एक पट्टी तिला जोडलेली असते. कित्येक नेमबाज ती मूठ कानशीने घासतात, कोठे लाकडाचा लगदा भरतात, पुन्हा घासतात. आणि डोळे मिटून हात उचलला असता माशी आपसूक खाचेच्या मध्यभागी येईपर्यंत हे काम सोडीत नाहीत. पायाला बूट चावत असेल तर माणसाचे लक्ष चालण्यावर राहत नाही. तद्वतच मूठ टोचत असेल तर नेमबाजाचे लक्ष नेमावर राहत नाही.

वजनाचाही विचार करावा लागतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पंचवीस मीटरचे पिस्तूल १४०० ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. जड पिस्तूल हातात कमी थरथरते खरे. पण साठ गोळ्या झाडून होईपर्यंत खांदा शिणतो आणि शेवटच्या दहा गोळ्यांत सुरुवातीची कमाई वाहून जाते. म्हणून दुकानात पहिल्या क्षणी कोणते पिस्तूल आवडले याला फारसे महत्त्व नाही. तासाभरानंतर कोणते हातात राहिले, यालाच महत्त्व आहे. चापाची गोष्ट तशीच. नियमाप्रमाणे चापावर निदान १००० ग्रॅम वजनाचा दाब पडल्यावाचून गोळी सुटता कामा नये; पंच वजन टांगून तो तपासतात. पण दाब किती, यापेक्षा तो कसा, हे अधिक मोलाचे. चांगला चाप वाळलेली काटकी मोडावी तसा एका क्षणी स्वच्छ सुटतो. वाईट चाप ओल्या फांदीसारखा लवत राहतो आणि त्याबरोबर हातही लवतो.

द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली तेव्हा अर्जुनाला झाड दिसले नाही, फांदी दिसली नाही. केवळ पक्षी दिसला. पिस्तुलाच्या नेमबाजाची परीक्षा याहूनही चमत्कारिक आहे. त्याला लक्ष्यही अंधुक दिसावे लागते! माणसाचा डोळा एकाच वेळी दोन अंतरांवर स्थिर होऊ शकत नाही. त्याला पुढची माशी किंवा दूरचे लक्ष्य यांपैकी एकच स्पष्ट दिसते. पिस्तुलावर माशी आणि खाच यांत फार तर २२० मिलिमीटर अंतर असते. त्यात माशी केवळ एक मिलिमीटर बाजूला सरली, तर पंचवीस मीटरवर गोळी सुमारे अकरा सेंटिमीटर बाजूला पडते आणि दहा गुणांच्या जागी सहाच पदरात पडतात. म्हणून शहाणा नेमबाज लक्ष्याचा मोह सोडतो आणि माशीवर दृष्टी ठेवतो. दूरच्या फळाकडे टक लावून बसण्यापेक्षा हातातल्या कामावर नजर ठेवली की फळ आपोआप पदरात पडते, हे गीतेतील तत्त्व या खेळात प्रत्यक्ष मोजून दाखविता येते.

परंतु पिस्तूल कितीही पारखून घेतले तरी ते धरणारा हातच गेला तर? हंगेरी देशातील कारोली टाकाच याच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. १९१० मध्ये बुडापेस्ट येथे जन्मलेला हा मनुष्य सैन्यात सार्जंट होता आणि उत्तम पिस्तूल चालवीत असे. १९३६ च्या ऑलिंपिक संघात मात्र त्याला जागा मिळाली नाही, कारण त्या संघात केवळ अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. पुढे तो नियम उठला आणि त्याच्या आशा पल्लवित झाल्या. तोच १९३८ मध्ये लष्करी सरावाच्या वेळी सदोष हातबाँब उजव्या हातात फुटून त्याचा तो हात निकामी झाला. ज्या हाताने वर्षानुवर्षे मूठ ओळखली, चापाचा कण न् कण ओळखला, तोच हात गेला.

रुग्णालयातून बाहेर आल्यावर टाकाचने कोणालाही न सांगता डाव्या हाताने सराव आरंभिला. जे काही उजव्या हाताला येत होते, ते सारे डाव्याला मुळाक्षरांपासून शिकवावयाचे होते. १९३९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या ठिकाणी तो आला, तेव्हा हा सहानुभूतीने खेळ पाहावयास आला आहे असे सोबत्यांना वाटले, असे सांगतात. तो खेळावयास आला होता, आणि तो जिंकला. त्यानंतर महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक भरलीच नाहीत. १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्याचे वय अडतीस होते. बिस्ली येथील मैदानावर जलद नेमबाजीत त्याने ६०० पैकी ५८० गुणांचा जागतिक विक्रम केला आणि सुवर्णपदक मिळविले. स्पर्धेपूर्वी अर्जेंटिनाच्या जगज्जेत्या साएंझ व्हालिएंतेने ‘तुम्ही येथे कसे?’ असे विचारले असता, ‘शिकावयास आलो आहे’ असे उत्तर टाकाचने दिले. आणि पदक घेताना त्याच व्हालिएंतेने ‘तुमचे शिक्षण आता पुरे झाले’ अशा अर्थाचे उद्गार काढले, अशी आख्यायिका आहे. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे टाकाचने पुन्हा सुवर्णपदक पटकाविले. त्याच हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले होते.

साधन दगा देते तेव्हा काय होते, हे आपल्या देशानेही पाहिले आहे. २०२१ मध्ये टोकियो येथे मनू भाकर या तरुणीच्या हवेच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला. घड्याळ कोणासाठी थांबत नाही. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि उरलेल्या गोळ्या घाईने झाडाव्या लागल्या. तिला ५७५ गुण मिळाले. अंतिम फेरी केवळ दोन गुणांनी हुकली. २०२४ मध्ये ती पॅरिसला गेली. हवेच्या पिस्तुलात तिने एक पदक एकटीने आणि दुसरे सरबज्योत सिंगच्या साथीने जिंकले. आणि पंचवीस मीटरच्या रिमफायर पिस्तुलात ती चौथी आली.

महाराष्ट्राच्या मातीलाही हे लहान काडतूस चांगले परिचयाचे आहे. कोल्हापूरची राही सरनोबत हिने २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवन येथे विश्वचषक स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीशी तिची बरोबरी झाली. तेव्हा जादा गोळ्या झाडून निकाल लावावा लागला, आणि त्या घटकेला तिचा हात ढळला नाही. तिच्याच जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे खेडे आहे. तेथील स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलचे कांस्यपदक जिंकले. रायफल लांब, पिस्तूल आखूड. पण दोहोंतील काडतूस तेच. फ्रान्समधील दिवाणखान्यात करमणुकीसाठी जन्मलेल्या त्या काडतुसाचा प्रवास असा कांबळवाडीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

या खेळाची वाट मात्र बाजारातून जात नाही. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून बंदूक किंवा पिस्तूल बाळगता येत नाही, आणि हे योग्यच आहे. मुलामुलींची सुरुवात मान्यताप्राप्त संस्थेत, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, दहा मीटरवरील हवेच्या पिस्तुलाने होते. तेथे पहिल्या दिवशी गोळी मिळत नाही. प्रथम उभे कसे राहावे, श्वास कसा घ्यावा, रिकामे पिस्तूल नळीचे तोंड न वळविता खाली कसे ठेवावे, हे शिकवितात. पिस्तूल रिकामे असल्याची खूण म्हणून नळीच्या मागील कक्षात ठळक रंगाची दोरी घालून ठेवावी लागते. कानांचे व डोळ्यांचे रक्षण केल्यावाचून रेषेवर पाऊल टाकता येत नाही. उतावळ्या मुलाला हे सारे कंटाळवाणे वाटते; पण जो या कंटाळ्यातून पार पडतो, त्याच्याच हाती पुढे मोठे पिस्तूल विश्वासाने दिले जाते.

भरवशाचे पिस्तूल कसे निवडावे, या प्रश्नाचे उत्तर येथे पूर्ण होते. हाताला बसेल अशी मूठ, खांद्याला पेलेल असे वजन, स्वच्छ सुटणारा चाप, न हलणारी माशी आणि पारखून घेतलेले काडतूस, एवढे पाहिले म्हणजे निवड चुकत नाही. परंतु ज्या वेळी नेमबाज पिस्तूल निवडीत असतो, त्या वेळी ते पिस्तूलही जणू त्याची पारख करीत असते. हा मला साफ ठेवील काय? मुके काडतूस निघाल्यावर हा थांबेल काय? सहा गुण पडले तर ते कबूल करून वहीत लिहील काय? कागदावरचे भोक कोणाची भीड धरीत नाही. ते जेथे पडले, तेथे नेमबाजाचा हात, डोळा आणि मन त्या क्षणी कोठे होते, तेवढेच सांगते. ते वाचून जो पुन्हा शांतपणे हात उचलतो, त्याच्या हातातील हत्यार खऱ्या अर्थाने भरवशाचे होय.